पोस्टग्रेसच्या रिलीज नोट्स: वेगाची कोणती नोंद आत हवी?

डेटाबेसचा रिव्ह्यू म्हटला की लोक वेग, स्थिरता, लायसन्स यांवर लिहितात. मला त्याच्या नव्या आवृत्तीबरोबर येणाऱ्या रिलीज नोट्सवर, म्हणजे काय काय बदललं ते सांगणाऱ्या पानावर लिहायचंय, आणि त्यातही फक्त परफॉर्मन्सच्या, म्हणजे वेगाच्या नोंदींवर. गेली तेरा वर्षं मी डेटाबेस सांभाळण्याचं काम करते. या काळात मला सगळ्यात जास्त वेळा कशाने वाचवलं असेल, तर या पानाने. आणि हे पान फारसं कोणी वाचत नाही.

पोस्टग्रेस या मुक्त स्रोत डेटाबेसची मोठी आवृत्ती वर्षातून एकदा येते, बहुतेक सप्टेंबर-ऑक्टोबरात. ती आली की मी नोट्सची प्रिंट काढते आणि तीन पेनं घेऊन बसते. अपग्रेडच्या आधी काही करावं लागणार असेल तर लाल. अपग्रेड झाल्यावर आपण हात लावल्याशिवाय फायदा मिळणार नसेल तर हिरवं. आणि ज्या नोंदीमुळे आमची एखादी जुनी सवय निकामी ठरते, तिच्याखाली निळं. बाकीच्या नोंदी कोऱ्या राहतात. वाचून झालं की कोणत्या रंगाच्या किती रेघा पडल्या ते मोजते, आणि त्यावरून यंदा अपग्रेडसाठी किती दिवस राखून ठेवायचे ते ठरवते.

मोठ्या आवृत्तीच्या नोट्स लिहायचं काम अनेक वर्षं पोस्टग्रेसच्या मुख्य टीममधले ब्रूस मॉमजियन करत आलेत. वर्षभरात कोडमध्ये दोन हजारांहून जास्त कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, जमा होतात. ते चाळून, मे महिन्याच्या सुमारास पहिली बीटा (चाचणीची आवृत्ती) निघायच्या आधी मसुदा तयार होतो. तो सगळ्यांसमोर ठेवला जातो, काय राहिलं, काय चुकलं ते लोक सांगतात, आणि शेवटी दोनशेच्या आसपास नोंदी उरतात. चार-पाच कमिट मिळून एक नोंद होते हे धरलं, तरी गाळणी बारीकच म्हणायची. नवी कमांड आली तर ती लिहावी लागतेच. जुनं काही मोडत असेल तर ते सगळ्यात वर, स्थलांतराच्या भागात जातं. या दोन्हींत विचार करण्यासारखं फार नाही. कस लागतो तो वेगाच्या सुधारणांत. तिथे वापरणाऱ्याला नवं काहीच दिसत नाही. तीच क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न), तेच उत्तर, फक्त लवकर. मग ते सांगायचं कशाला? आणि सांगायचं तर दीडशे बारीकसारीक सुधारणांतल्या नेमक्या कोणत्या?

इतक्या वर्षांच्या वाचनातून मला त्यांची चाळण अशी दिसते: ज्याचा फरक वापरणाऱ्याला जाणवेल, ज्यामुळे आधी न झेपणारं काम झेपायला लागेल, किंवा ज्यासाठी त्याला काही करावं लागेल, ते आत. एखाद्या फंक्शनमध्ये मेमरीची एक प्रत करणं वाचलं, एखादा लूप घट्ट झाला, हे बाहेर. मला ही चाळण पटते. फक्त माझ्या मते तिला आणखी एक जाळी हवी, आणि हा सगळा रिव्ह्यू त्या जाळीसाठीच आहे: ज्या सुधारणेमुळे लोकांचा जुना सल्ला शिळा होतो, ती नोंद आत आलीच पाहिजे, मग वेग दोन टक्क्यांनी वाढलेला असो की दुप्पट झालेला. डेटाबेस सांभाळणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात असे पन्नास नियम असतात. कनेक्शन कमी ठेवा. इतक्या मोठ्या टेबलवर एकदम डिलीट मारू नका. या सेटिंगला यापेक्षा जास्त मेमरी देऊन उपयोग नाही. हे नियम कोणत्या वर्षी खरे होते आणि कोणत्या वर्षी खोटे झाले, हे दुसरीकडे कुठे नीट लिहिलेलं सापडत नाही. नियम शिकवणारे पुष्कळ भेटतात, तो आता सोडून दे म्हणून सांगणारं कोणी नसतं.

चांगली नोंद कशी असते ते दाखवायला मी नेहमी 2020 साली आलेल्या 13 व्या आवृत्तीतली बी-ट्री इंडेक्सची, म्हणजे ओळी पटकन शोधायला ठेवलेल्या क्रमवार सूचीची, नोंद काढते. तिच्यात तीनच गोष्टी आहेत. बी-ट्री इंडेक्समधल्या डुप्लिकेट की (सूचीतल्या सारख्याच व्हॅल्यू) आता जास्त आटोपशीरपणे साठवल्या जातात. ज्या कॉलममध्ये वेगवेगळ्या व्हॅल्यू थोड्याच असतात तिथे याचा फायदा होतो, कारण तीच की पुन्हा पुन्हा न लिहिता एकदाच लिहिली जाते. आणि पीजी-अपग्रेड हे आवृत्ती बदलायचं साधन वापरून वर येणाऱ्यांनी जुना इंडेक्स रीइंडेक्स केल्याशिवाय, म्हणजे नव्याने बांधल्याशिवाय, त्याला हा फायदा मिळणार नाही. काय झालं, कोणाला उपयोगी, काय करायचं. संपलं.

त्या तिसऱ्या वाक्याची किंमत मी मोजलेली आहे. आमच्याकडे ऑर्डरचं एक टेबल होतं, कोट्यवधी ओळींचं, आणि त्यात स्थितीचा एक कॉलम: नवी, मंजूर, पाठवली, पोचली, परत, रद्द. सहा व्हॅल्यू. त्यावरचा इंडेक्स वर्षानुवर्षं फुगत गेलेला. अपग्रेड झालं, दोन दिवसांनी मी इंडेक्सचा आकार पाहिला तर तसाच. राहणारच, कारण पीजी-अपग्रेड जुन्या फाइली जशाच्या तशा उचलून नेतं. ते तिसरं वाक्य छापलेलं नसतं तर मी तिथेच समजले असते, की ही सुधारणा आपल्या कामाची नाही. प्रिंटवर हिरवी रेघ होती म्हणून रविवारी पहाटे, गर्दी नसताना, काम न थांबवता चालणारा रीइंडेक्स लावला. ती सोय 12 पासून आहे. इंडेक्स निम्म्याहून लहान झाला आणि तोवर मेमरीत न मावणारा तो इंडेक्स मावायला लागला. वेग वाढवणारं कोड लिहायला कोणाचे किती महिने गेले असतील कोण जाणे, पण आमच्या दारापर्यंत तो पोचला त्या एका वाक्यामुळे.

दुसरी आवडती नोंद 2021 च्या 14 व्या आवृत्तीतली. भरपूर सीपीयू आणि भरपूर सेशन (जोडलेली कनेक्शन) असलेल्या सिस्टिमवर व्हिजिबिलिटी स्नॅपशॉट, म्हणजे या क्षणी क्वेरीला कोणत्या ओळी दिसाव्यात याचं चित्र, काढण्याचा वेग सुधारला, असं ती सांगते. एवढ्यावर मी पुढे गेले असते. स्नॅपशॉट काढणं हे डेटाबेसच्या पोटातलं काम, आपला काय संबंध, असं कोणालाही वाटेल. पण पुढे आणखी एक वाक्य आहे: नुसती पडून असलेली सेशन खूप असतील तेव्हाही याचा फायदा होतो. या ‘पडून असलेली’ शब्दांशी मी थांबले. आमच्याकडे नेमका तोच त्रास होता. ॲप्लिकेशनचे बरेच सर्व्हर, प्रत्येकाचा आपापला कनेक्शन पूल (आधीच उघडून ठेवलेल्या कनेक्शनचा साठा), आणि त्यातली बहुतेक कनेक्शन दिवसभर नुसती बसून. काम करत नाहीत तर त्रास कसला, असं ॲप्लिकेशनवाले म्हणायचे. त्रास असा, की स्नॅपशॉट घेताना प्रत्येक क्वेरीला सगळ्या कनेक्शनच्या नोंदी चाळाव्या लागत, बसलेल्यांच्यासुद्धा. म्हणजे बसलेला माणूस काम करणाऱ्याचा वेळ खात होता. 14 मध्ये ते बरंच कमी झालं.

ही खरी निळ्या पेनाची नोंद. तरीही इथे माझी एक तक्रार आहे. कनेक्शन कमी ठेवा हा नियम आता कितपत सैल करायचा, याचा अंदाज नोंदीतून येत नाही. मग वर्षभर लोक दोन टोकांना राहिले. काहींनी ती वाचलीच नाही आणि जुना नियम चालू ठेवला, काहींनी वाचून थोडी कनेक्शन अनेकांत वाटून देणारा पूलरच काढून टाकला. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनमागे एक वेगळी प्रोसेस असते. ती उभी करायचा खर्च आणि तिची मेमरी या सुधारणेने कमी झालेली नाही, त्यामुळे पूलर लागतोच. अर्ध्या ओळीत हे सांगता आलं असतं. नोट्स म्हणजे मॅन्युअल नाही हे मला मान्य आहे. पण एखादी नोंद इतका प्रसिद्ध नियम हलवत असेल, तर तो कुठपर्यंत हलवला हेही तिने सांगावं.

आता ज्या नोंदीने मी रात्रभर जागले, तिच्याबद्दल. चूक आमची होती, नोट्सची नव्हती. आम्ही 11 वरून थेट 13 वर गेलो. मी 13 च्या नोट्स तीन रंगांत रंगवल्या, 12 च्या मात्र नुसत्या वरवर चाळल्या, कारण 12 आम्ही चालवणारच नव्हतो. 2019 च्या त्या 12 व्या आवृत्तीत सीटीईबद्दल, म्हणजे क्वेरीच्या सुरुवातीला विथ लिहून वेगळ्या काढलेल्या भागाबद्दल, मोठा बदल झाला होता. त्याआधी विथ लिहून केलेला भाग नेहमी आधी वेगळा चालायचा आणि मग बाकीची क्वेरी. 12 पासून, असा भाग क्वेरीत एकदाच वापरला असेल, रिकर्सिव्ह (स्वतःलाच पुन्हा वापरणारा) नसेल आणि त्याचे बाजूचे परिणाम (डेटा बदलणं वगैरे) नसतील, तर प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) तो मुख्य क्वेरीत मिसळून टाकतो. बहुतेकांसाठी ही सुधारणाच, कारण बाहेरची अट आतपर्यंत पोचते. आमच्या रात्रीच्या एका रिपोर्टमध्ये मात्र कोणीतरी फार पूर्वी विथचा वापर मुद्दाम आडभिंत म्हणून केला होता, प्लॅनरने तिथे डोकं लावू नये म्हणून. ती भिंत गेली. प्लॅनरने टेबलं जोडायला वेगळा जॉइन निवडला आणि पंधरा-वीस मिनिटांत होणारा रिपोर्ट पहाटे साडेचारलाही चालूच होता.

टीममधला एक मुलगा माझ्याबरोबर जागा होता. तो एक्सप्लेनचे (क्वेरी कशी चालेल ते दाखवणाऱ्या कमांडचे) जुने आणि नवे प्लॅन शेजारी शेजारी ठेवून बघत होता. म्हणाला, “मॅडम, यात तो सीटीई स्कॅन दिसतच नाहीये.” तेवढं ऐकलं आणि 12 च्या नोट्स उघडल्या. नोंद तिथे होती, आणि त्याच नोंदीत उपायही होता: मटेरियलाइज्ड हा शब्द लिहिला की जुनी वागणूक परत. एक शब्द घातला, रिपोर्ट वेळेत आला. तेव्हापासून मधली आवृत्ती चालवायची नसली तरी तिच्या नोट्स आम्ही तितक्याच बारकाईने वाचतो.

या प्रसंगाने मला एक गोष्ट पक्की शिकवली. प्लॅनरमध्ये केलेली सुधारणा ही नुसती वेगाची बातमी नसते. शंभरातल्या नव्व्याण्णवांची क्वेरी सुधारते आणि एकाची बिघडते. त्या एकासाठी ती नोंद असते. म्हणून प्लॅनरचा निर्णय बदलणारी सुधारणा कितीही लहान असो, ती नोट्समध्ये हवी, आणि ती बंद कशी करायची हे त्याच नोंदीत हवं. पोस्टग्रेस हे बऱ्यापैकी पाळतं. 2025 च्या 18 व्या आवृत्तीत प्लॅनर काही अनावश्यक सेल्फ जॉइन (टेबल स्वतःलाच जोडणं) आपणहून काढून टाकतो, आणि हे बंद करायची सेटिंग कोणती ते नोंदीतच दिलंय. पहाटे साडेचारला ते नाव शोधत बसायची वेळ येत नाही.

डिफॉल्ट बदलण्याचंही असंच. क्वेरीचे भाग चालवतानाच कंपाइल करणारं जेआयटी 11 मध्ये आलं तेव्हा डिफॉल्टने बंद होतं, 12 मध्ये चालू झालं. कोडच्या दृष्टीने हा एका शब्दाचा बदल, पण छोट्या छोट्या क्वेऱ्या चालवणाऱ्यांसाठी तो मोठा ठरू शकतो, कारण प्लॅनरचा खर्चाचा अंदाज चुकला की कंपाइल करण्यातच वेळ जातो. 18 मध्ये, एकाच वेळी डिस्कवरची किती वाचनं मागायची ते ठरवणाऱ्या इफेक्टिव्ह आयओ कन्करन्सीचं डिफॉल्ट 1 वरून 16 झालं. ही नोंद वाचून मी आमच्या कॉन्फिग फाइली उघडल्या, तर त्यातल्या एकीत कोणीतरी कधीकाळी 1 हाच आकडा स्पष्ट लिहून ठेवलेला. फाइलीत लिहिलेलं असलं की नवं डिफॉल्ट लागू होत नाही. ती ओळ काढली. अशी नोंद गाळली गेली असती तर ती सुधारणा आमच्यासाठी कधी झालीच नसती.

आता माझी सगळ्यात लाडकी निळी रेघ. 2024 च्या 17 व्या आवृत्तीत व्हॅक्यूम, म्हणजे डिलीट किंवा अपडेटनंतर उरलेल्या मेलेल्या ओळी साफ करणारं काम, त्या ओळींचे पत्ते जास्त आटोपशीर साठवायला लागलं. नोंदीत पुढे लिहिलंय, की व्हॅक्यूमची मेमरी ठरवणारं मेंटेनन्स वर्क मेम किंवा ऑटोव्हॅक्यूम वर्क मेम एक जीबीच्या वर ठेवलं असलं तरी व्हॅक्यूम आता गुपचूप एक जीबीवर थांबत नाही. त्या ‘गुपचूप’साठी मी या नोट्सना मनापासून दाद देते. आपलं सॉफ्टवेअर इतकी वर्षं वापरणाऱ्याने दिलेली मेमरी न सांगता नाकारत होतं, हे स्वतःच्याच नोट्समध्ये इतक्या सरळ लिहिणं सोपं नाही.

आमच्यासाठी त्याचा अर्थ काय होता ते सांगते. जुन्या पद्धतीत एका मेलेल्या ओळीच्या पत्त्याला सहा बाइट लागत. एक जीबीत असे साधारण 17 कोटी 90 लाख पत्ते मावतात. त्याहून जास्त ओळी मेलेल्या असतील तर व्हॅक्यूम मध्येच थांबतं, टेबलावरचे सगळे इंडेक्स एकदा पुरते साफ करतं, मग पुढे सरकतं, पुन्हा भरलं की पुन्हा सगळे इंडेक्स. आमचं एक लॉगचं टेबल आहे, त्यातून दर काही महिन्यांनी जुन्या ओळी काढल्या जातात. व्हॅक्यूमची प्रगती दाखवणाऱ्या व्ह्यूमध्ये इंडेक्सच्या फेऱ्यांचा आकडा असतो, तो तीनवर गेलेला मी स्वतः पाहिलाय. सात इंडेक्स, तीन फेऱ्या. सर्व्हरवर मेमरी मोप होती, सेटिंगमध्ये चार जीबी दिलेले होते, आणि वापर एकाचाच. म्हणून आमच्याकडे नियम पडला होता, की डिलीट तुकड्यांत करायचं आणि प्रत्येक तुकड्यानंतर व्हॅक्यूम. त्यासाठी एक स्क्रिप्ट होती, तिची देखभाल होती, ती मध्येच बंद पडली तर कोणी उठायचं याची पाळी लावलेली होती. 17 वर गेल्यावर पहिल्या मोठ्या साफसफाईला तो व्ह्यू उघडून बसले. फेरी एक. तेवढ्यावर संपलं. व्हॅक्यूमसाठी ठेवलेले तुकडे आणि त्यांची पाळी, दोन्ही त्या महिन्यात बंद केलं.

त्याच व्ह्यूमधल्या मेलेल्या ओळी मोजणाऱ्या कॉलमांची नावंही 17 मध्ये बदलली. आता मेमरीची मर्यादा आणि वापर बाइटमध्ये दिसतात. ती नोंद वर स्थलांतराच्या भागात आहे, सुधारणेची खाली परफॉर्मन्सच्या भागात. दोन्ही एकाच कामातून आलेल्या, पण वाचणाऱ्याला ते कळत नाही. मॉनिटरिंगची क्वेरी मोडली की माणूस वैतागतो. तिच्या मोडण्यामागे एवढं चांगलं कारण आहे हे शेजारीच लिहिलेलं असतं, तर वैताग निम्मा झाला असता.

विभागांबद्दल बोलतेय तर हेही सांगते. परफॉर्मन्सच्या नोंदी ऑप्टिमायझर (म्हणजे प्लॅनरच), इंडेक्स आणि सर्वसाधारण परफॉर्मन्स अशा तीन उपविभागांत असतात, आणि नवखा माणूस तेवढंच वाचून थांबतो. 18 मधली माझ्या मते सगळ्यात मोठी परफॉर्मन्सची नोंद यांपैकी कशातच नाही. ती पीजी-अपग्रेडखाली आहे: अपग्रेड करताना ऑप्टिमायझरची आकडेवारी आता सोबत येते. आधी येत नसे, त्यामुळे अपग्रेडनंतर पहिले काही तास प्लॅनर आंधळा असायचा आणि ती आकडेवारी नव्याने गोळा करणारं ॲनलाइझ पूर्ण होईपर्यंत आम्ही श्वास रोखून बसायचो. नोंदीत लगेच पुढे म्हटलंय, की एक्स्टेंडेड स्टॅटिस्टिक्स (कॉलमांच्या परस्परसंबंधांची आकडेवारी) मात्र येत नाहीत. हे वाक्य सुटलं असतं तर ज्यांनी ती मुद्दाम तयार केलीत त्यांचे प्लॅन अपग्रेडच्या सकाळी बिघडले असते आणि कारण सापडायला दिवस गेला असता. वाक्य उत्तम, जागा आडवाटेची.

जिथे नोट्स कमी पडतात तिथला एक नमुना 16 व्या आवृत्तीतला. हीप (टेबलाचा मूळ डेटा) आणि इंडेक्समध्ये नवी पानं जोडणं आता जास्त कार्यक्षम झालंय, अशा अर्थाची एक नोंद आहे. बरोबर आहे, यंत्रणेत तेच घडलं. पण यामुळे सुखावणारा माणूस कोण? एकाच टेबलात अनेक कनेक्शनमधून एकाच वेळी कॉपी या कमांडने डेटा ओतणारा. त्याच आवृत्तीच्या प्रसिद्धिपत्रकात मात्र कॉपीचा वेग काही चाचण्यांत 300 टक्क्यांपर्यंत सुधारला असं ठळक दिलंय. म्हणजे प्रसिद्धिपत्रक वाचणाऱ्याला आपल्या कामाची गोष्ट कळली, आणि नोट्स वाचणाऱ्याला पानं जोडण्याची यंत्रणा कळली. सुधारणा निवडण्यात चूक नाही. लिहिणाऱ्याने कोडच्या बाजूने पाहिलं, एवढंच. कमिटचा मथळा कोड लिहिणाऱ्याने कोड वाचणाऱ्यासाठी लिहिलेला असतो. तो नोंदीत उतरताना उलटा करायला हवा: आधी काम, मग यंत्रणा.

नोट्समध्ये टक्केवारी सहसा नसते, आणि तसंच राहावं असं मला वाटतं. 300 टक्के कोणत्या डिस्कवर, किती कनेक्शनला, केवढ्या टेबलावर? प्रसिद्धिपत्रकात तो आकडा शोभतो. नोट्समध्ये आला की व्यवस्थापनातलं कोणीतरी तो स्लाइडवर टाकतं आणि मग आमच्याकडे तेवढा का दिसत नाही याचा खुलासा आम्ही देत बसतो. आकड्याऐवजी अट सांगा. ‘खूप सेशन असतील तर’, ‘व्हॅल्यू थोड्या असतील तर’. अट कळली की आपल्या घरचा आकडा आपण काढू शकतो.

बारीक सुधारणा गाळण्याबद्दल माझ्या मनात एकच खटका आहे, आणि तो एसक्यूलाइट या दुसऱ्या डेटाबेसमुळे पडला. 2014 साली त्यांनी 3.8.7 ही आवृत्ती काढली. साधारण दीड वर्षापूर्वीच्या 3.7.17 च्या तुलनेत ती तेवढ्याच सीपीयू सायकलमध्ये 50 टक्के जास्त काम करत होती. यात एकही मोठी सुधारणा नव्हती. शेकडो बारीक सुधारणा, एकेकीचा फायदा इतका कमी की घड्याळाने मोजताच येऊ नये, म्हणून ते कॅशग्राइंड या साधनाने सायकल मोजत होते. पोस्टग्रेसच्या चाळणीतून यातली एकही नोंद खाली उतरली नसती, आणि नियमाप्रमाणे ते योग्यच ठरलं असतं. तरीही निम्म्याने वाढलेला वेग कुठे लिहिला गेला नसता. अशा वेळी एकेक न सांगता सगळ्यांची मिळून एक ओळ द्यावी, आणि कोणत्या प्रकारच्या कामात हे जाणवेल ते सांगावं. ती ओळ वाचून कोणाला काही करायचं नसतं हे खरं, पण पुढच्या सर्व्हरखरेदीचा विचार करणाऱ्याला ती हवी असते.

मात्र ती ओळ ‘विविध परफॉर्मन्स सुधारणा’ अशी नको. आम्ही काही काळ एक व्यावसायिक डेटाबेसही सांभाळला. त्याच्या जवळजवळ प्रत्येक आवृत्तीच्या नोट्समध्ये हे तीन शब्द असायचे. एकदा त्यानंतर एका क्वेरीचा प्लॅन बदलला. सपोर्टला विचारलं तर उत्तर आलं, की ते त्या सुधारणांतच आहे. नेमकं कशात, ते शेवटपर्यंत कळलं नाही. पोस्टग्रेसच्या नोट्समध्ये नोंदीशेजारी आता कमिटची लिंक असते, 17 पासून. शंका आली की त्या छोट्या चिन्हावर क्लिक करून कमिटचा पूर्ण संदेश वाचता येतो. त्यात बहुतेकदा चार परिच्छेद कारणमीमांसा असते. नोंद दोन वाक्यांची ठेवून खोलात जायची वाट उघडी ठेवणं, हा मला या नोट्समधला अलीकडचा सगळ्यात चांगला बदल वाटतो.

प्रत्येक नोंदीपुढे कंसात ती घडवणाऱ्यांची नावं असतात. मला हे आवडतं. पण त्यामुळे एक ओढ तयार होत असणार हे समजतं: सहा महिने खपून केलेली सुधारणा नोट्समध्ये आली नाही तर माणसाला लागतंच. तरीही नोंद निवडताना वाचणाऱ्याचाच विचार व्हावा. श्रमाची पोच द्यायला शेवटी आभारांची लांबलचक यादी असते, आणि तिच्यात कोणाला वगळायचं कारण नसतं.

पाचपैकी चार. एक गुण कापला तो यंत्रणेच्या भाषेत लिहिलेल्या नोंदींसाठी. निवडीसाठी मी पूर्ण गुण देते.

18 ची प्रिंट अजून माझ्या टेबलावर आहे. तिच्यात स्किप स्कॅनची नोंद निळ्याने अधोरेखित केलेली आहे: अनेक कॉलमच्या बी-ट्री इंडेक्समध्ये पहिल्या कॉलमवर अट नसली तरी पुढच्या कॉलमवरच्या अटीसाठी तो इंडेक्स आता जास्त वेळा वापरता येईल. आमच्याकडे अशा जोड्या बऱ्याच. एक इंडेक्स शाखा आणि तारीख असा, आणि केवळ तारखेसाठी दुसरा. तसाच एक ग्राहक क्रमांक आणि तारीख, आणि त्याच्याही जोडीला नुसत्या तारखेचा. नोंद वाचून तो मुलगा दुसऱ्याच दिवशी आला. “मॅडम, मग तारखेचे दोन्ही इंडेक्स काढून टाकू ना? इन्सर्टही हलके होतील.”

म्हटलं, काढू नकोस, स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) आधी ते दोन्ही काढून क्वेऱ्या चालवून बघू. शाखांचा इंडेक्स झकास चालला. शाखा पाऊणशेच्या आत, तेवढ्या उड्या मारून काम भागतं. ग्राहक क्रमांक लाखांच्या घरात. तिथे प्लॅनर त्या इंडेक्सकडे वळलाही नाही, सरळ पूर्ण टेबल वाचत सुटला. तारखेचा पहिला इंडेक्स आम्ही काढला, दुसरा ठेवला. मग मी पेन घेतलं आणि त्या नोंदीच्या समासात लिहिलं: “पहिल्या कॉलममध्ये वेगळ्या व्हॅल्यू थोड्या असतील तरच.” त्याने त्या पानाचा फोटो काढून टीमच्या ग्रुपवर टाकला.